टेनिसवरील संशयाचे सावट : उत्तेजके, सट्टा आणि पुण्याची कोर्टे

टेनिस हा सभ्य माणसांचा खेळ मानला जातो. पांढराशुभ्र पोशाख, गुणाचा खेळ सुरू असताना प्रेक्षकांनी पाळावयाची शांतता आणि सामना संपल्यावर जाळ्यापाशी होणारे हस्तांदोलन यांमुळे या खेळाभोवती प्रतिष्ठेचे एक वलय आहे. मात्र गेल्या पाव शतकात या वलयाला दोन बाजूंनी तडे गेले. एका बाजूने उत्तेजक द्रव्यांची प्रकरणे उघडकीस आली, तर दुसऱ्या बाजूने सट्टेबाजांच्या पैशाने खेळात शिरकाव केला. या दोन्ही दोषांची चर्चा नेहमी नामवंत खेळाडूंच्या नावाने होते. त्यांची खरी मुळे मात्र खेळाच्या अर्थकारणात आणि कारभारात आहेत, आणि ती पुण्यातील कोर्टांपर्यंत पोहोचणारी आहेत.

पुण्याचा संबंध

पुणे हे टेनिसच्या नकाशावरचे जुने शहर आहे. १९०६ साली स्थापन झालेला डेक्कन जिमखाना आणि पी. वाय. सी. हिंदू जिमखाना यांच्या कोर्टांवर खेळाडूंच्या अनेक पिढ्या घडल्या. १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणारा गौरव नाटेकर हा याच परंपरेतला. अंकिता रैनाने पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले, तर अर्जुन कढे दुहेरीत आंतरराष्ट्रीय स्तरावर खेळत राहिला.

चेन्नईत वर्षानुवर्षे भरणारी एटीपी स्पर्धा २०१८मध्ये पुण्यात आली आणि २०२३पर्यंत, २०२१चा अपवाद वगळता, म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात 'महाराष्ट्र ओपन' या नावाने होत राहिली. जिल सिमोन, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जाओ सौसा आणि टॅलन ग्रीकस्पूर हे तिचे विजेते. पाच लाख डॉलरांहून अधिक बक्षिसांची ही स्पर्धा पुण्यातून गेल्यानंतर बालेवाडीत तिच्या खालच्या श्रेणीची, म्हणजे चॅलेंजर दर्जाची स्पर्धा होऊ लागली. डेक्कन जिमखान्यावरही महिलांच्या आयटीएफ स्पर्धा अनेक वर्षे होत आल्या आहेत.

थोडक्यात, पुणेकरांच्या वाट्याला येणारे टेनिस हे प्रामुख्याने मधल्या आणि तळच्या पायऱ्यांचे आहे. टेनिसमधील भ्रष्टाचाराचा धोकाही नेमक्या याच पायऱ्यांवर सर्वाधिक असल्याचे खेळाच्या स्वतंत्र चौकशीतून निष्पन्न झाले आहे.

उत्तेजकांची जुनी कहाणी

प्रथम उत्तेजकांचा विचार करू. १९९८ साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणारा झेक खेळाडू पेत्र कोर्डा त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये नॅन्ड्रोलोन या द्रव्यासाठी दोषी आढळला. अपवादात्मक परिस्थितीचे कारण देऊन सुरुवातीला त्याची बंदी टाळण्यात आली. त्यावरून गदारोळ झाला आणि अखेर १९९९मध्ये त्याच्यावर वर्षभराची बंदी घालण्यात आली. २००५च्या फ्रेंच ओपनमध्ये राफेल नदालविरुद्ध अंतिम सामना खेळलेला अर्जेंटिनाचा मारियानो पुएर्ता हाही उत्तेजक चाचणीत सापडला. त्याची आठ वर्षांची बंदी क्रीडा लवादाने दोन वर्षांवर आणली. २००७मध्ये मार्टिना हिंगीसच्या विम्बल्डनमधील नमुन्यात कोकेनचा अंश आढळला. तिने आरोप नाकारला, पण निवृत्ती पत्करली आणि पुढे तिच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली.

या प्रकरणांपेक्षाही अधिक अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी कारभाराच्या आहेत. २००३मध्ये नॅन्ड्रोलोनच्या अनेक प्रकरणांत एटीपीने खेळाडूंना दोषमुक्त केले. कारण ज्या क्षारांच्या गोळ्यांवर संशय होता, त्या एटीपीच्याच प्रशिक्षकांनी खेळाडूंना दिल्या असण्याची शक्यता पुढे आली होती. ब्रिटनचा ग्रेग रुसेडस्की याच कारणाने २००४मध्ये सुटला. २००९मध्ये आंद्रे अगासीने आपल्या आत्मचरित्रात कबुली दिली की, १९९७ साली तो अमली पदार्थाच्या चाचणीत दोषी ठरला होता; आपण खोटे स्पष्टीकरण लिहून पाठवले आणि एटीपीने ते मान्य केले. चाचणी घेणारी, निवाडा करणारी आणि खेळाडूच्या लोकप्रियतेवर उत्पन्न मिळवणारी संस्था एकच असेल, तर संशयाला जागा राहते, हा या घटनांचा धडा होता. पुढे ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे आणि २०२२पासून 'आंतरराष्ट्रीय टेनिस इंटिग्रिटी एजन्सी' या वेगळ्या संस्थेकडे आली. या संस्थेचा खर्च मात्र एटीपी, डब्ल्यूटीए, महासंघ आणि चार ग्रँड स्लॅम स्पर्धा हेच उचलतात, हे विसरून चालणार नाही.

तीन नावे, तीन निकाल

अलीकडच्या तीन प्रकरणांनी हा वाद पुन्हा पेटवला. रुमानियाची माजी अव्वल खेळाडू सिमोना हालेप २०२२च्या अमेरिकन ओपनमध्ये रॉक्साडुस्टॅटसाठी दोषी आढळली. तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. मार्च २०२४मध्ये क्रीडा लवादाने दूषित पूरक आहाराचे तिचे स्पष्टीकरण ग्राह्य धरून ती नऊ महिन्यांवर आणली. पण तोवर ती जवळजवळ दीड वर्ष खेळाबाहेर राहिली होती. तिची कारकीर्द पुन्हा सावरली नाही आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

इटलीचा यानिक सिनर मार्च २०२४मध्ये दोनदा क्लोस्टेबॉलसाठी दोषी आढळला. आपल्या फिजिओथेरपिस्टने स्वतःच्या जखमेवर मारलेल्या फवाऱ्यातून हे द्रव्य मालिश करताना आपल्या शरीरात गेले, असे त्याने सांगितले. तातडीच्या अपिलामुळे त्याची तात्पुरती बंदी लगेच उठली आणि हे प्रकरण निकालानंतरच, ऑगस्ट २०२४मध्ये जगाला कळले. लवादाने त्याला निर्दोष ठरवले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा'ने त्यावर अपील केले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तडजोडीने तीन महिन्यांची बंदी ठरली. ती दोन ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या मधल्या काळात बसली. पोलंडच्या इगा श्वियाँतेकला ट्रायमेटाझिडीनच्या प्रकरणात एक महिन्याची बंदी मिळाली. तिने झोपेसाठी घेतलेली मेलाटोनिनची गोळी दूषित असल्याचे मान्य करण्यात आले.

या तिन्ही प्रकरणांत द्रव्य जाणूनबुजून घेतल्याचे अंतिमतः सिद्ध झाले नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. महागडे वकील आणि शास्त्रज्ञ काही दिवसांत उभे करू शकणाऱ्या खेळाडूला मिळणारा न्याय आणि क्रमवारीत तीनशेव्या स्थानावर असलेल्या खेळाडूला मिळणारा न्याय सारखाच असतो काय? दूषित गोळी कोणती हे शोधण्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च लागतो. तो ज्याला परवडत नाही, त्याचे खरे स्पष्टीकरणही सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव कुस्तीने दिलेला आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव २०१६च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी उत्तेजक चाचणीत दोषी आढळला. आपल्या अन्नात कोणीतरी भेसळ केली, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था 'नाडा'ने मान्य केले. 'वाडा'ने अपील केले आणि ऐन ऑलिंपिकच्या काळात क्रीडा लवादाने कटाचा दावा फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. दोन्ही प्रकरणांचे तपशील भिन्न आहेत. लवादाने सिनरचे स्पष्टीकरण स्वीकारले, नरसिंगचे नाही. परंतु देशातील निकाल अंतिम नसतो आणि पुराव्याचे ओझे खेळाडूच्याच खांद्यावर असते, हे आपल्याकडच्या प्रत्येक खेळाडूने ध्यानी घ्यावे असे आहे.

सोपोतचा सामना आणि नंतर

आता सट्ट्याकडे वळू. हॅन्सी क्रोनिए प्रकरणामुळे २०००मध्ये भारतीय क्रीडारसिकांना सामनानिश्चिती हा शब्द पाठ झाला. टेनिसला तो २००७मध्ये कळला. ऑगस्टमध्ये पोलंडच्या सोपोत येथे जगात चौथ्या क्रमांकावर असलेला रशियाचा निकोलाय डेव्हिडेन्को अर्जेंटिनाच्या मार्टिन वासालो अर्ग्वेयोशी खेळत होता. पहिला सेट डेव्हिडेन्कोने जिंकूनही सट्टाबाजारात पैसा त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर लागत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये डेव्हिडेन्कोने दुखापतीमुळे सामना सोडला. 'बेटफेअर' या कंपनीने त्या सामन्यावरील सर्व पैजा रद्द केल्या. वर्षभराच्या चौकशीनंतर दोन्ही खेळाडूंविरुद्ध कोणताही पुरावा आढळला नाही आणि ते दोषमुक्त झाले. त्याच सुमारास नोव्हाक जोकोविचने सांगितले की, सेंट पीटर्सबर्गमधील सामना हरण्यासाठी आपल्याला मध्यस्थांमार्फत दोन लाख डॉलरांचे आमिष दाखवण्यात आले होते आणि ते तत्काळ नाकारले गेले.

या घडामोडींमुळे २००८मध्ये 'टेनिस इंटिग्रिटी युनिट'ची स्थापना झाली. २०११मध्ये ऑस्ट्रियाचा डॅनियल कोलेरर हा सामनानिश्चितीसाठी आजन्म बंदी झालेला पहिला टेनिसपटू ठरला. २०२०मध्ये ब्राझीलच्या जाओ सौझावर आजन्म बंदी आणि दोन लाख डॉलरांचा दंड अशी कारवाई झाली. नामसाधर्म्यामुळे गल्लत होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, २०२२मध्ये बालेवाडीत विजेता ठरलेला जाओ सौसा पोर्तुगालचा असून त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.

तळाच्या पायरीवरचे गणित

जानेवारी २०१६मध्ये बीबीसी आणि बझफीड यांनी टेनिसमधील सामनानिश्चितीविषयी वृत्तांत प्रसिद्ध केल्यावर ब्रिटिश कायदेपंडित अ‍ॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमण्यात आली. डिसेंबर २०१८मध्ये तिचा अंतिम अहवाल आला. समितीने तीन हजार दोनशेहून अधिक खेळाडूंचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी १४.५ टक्के खेळाडूंनी आपल्याला सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. जगात सुमारे पंधरा हजार खेळाडू व्यावसायिक म्हणून खेळतात. पण त्यांतील केवळ अडीचशे ते साडेतीनशे जणांचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून भागतो, असा समितीचा हिशेब होता.

हे गणित समजून घेण्यासारखे आहे. २०२५च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला तीस लाख पौंड आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड मिळाले. याउलट पंधरा हजार डॉलरांच्या आयटीएफ स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला साधारण दोन हजार डॉलर मिळतात, तर पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास. त्यात विमानप्रवास, निवास, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकाचे मानधन हे सारे भागवायचे असते. अशा खेळाडूला एखादा सेट सोडण्यासाठी किंवा एका गेममध्ये दोन दुहेरी चुका करण्यासाठी काही हजार डॉलर देऊ केले जातात. सामना जिंकूनही एखादा सेट सोडता येतो. म्हणजे मनाला समजूत घालण्याची सोयही असते.

मोहाला संधी कोणी दिली, याचेही उत्तर अहवालात आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने तळच्या स्पर्धांतील थेट गुणफलक विकण्याचा करार 'स्पोर्टरडार' या कंपनीशी केला. प्रेक्षक नसलेल्या कोर्टांवरील प्रत्येक गुण पंचाच्या हातातील यंत्रावरून काही क्षणांत जगभरच्या सट्टेबाजांपर्यंत पोहोचू लागला. पाच वर्षांच्या कराराची किंमत सात कोटी डॉलर होती. खेळाला उत्पन्न मिळाले. पण ज्या सामन्यांकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, ते सट्ट्याच्या बाजारात आले. अगदी खालच्या स्पर्धांची थेट माहिती विकणे थांबवावे, अशी समितीची शिफारस होती.

या व्यवस्थेचा फायदा संघटित टोळ्यांनी कसा घेतला, हे बेल्जियममधील खटल्यात दिसले. आर्मेनियन वंशाच्या ग्रिगोर सर्गस्यानने तीसहून अधिक देशांतील १८०हून जास्त खेळाडूंचे जाळे विणल्याचे तपासातून पुढे आले. २०२३मध्ये त्याला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

काही सेकंदांची किंमत

सट्टेबाजाला प्रत्येक वेळी खेळाडूच विकत घ्यावा लागतो असे नाही. कोर्टाजवळ बसून, अधिकृत गुणफलक पुढे सरकण्याआधी निकाल कळवला तरी पैसा मिळतो. याला 'कोर्टसायडिंग' म्हणतात. २०१४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मेलबर्न पोलिसांनी एका ब्रिटिश तरुणाला याच कारणासाठी पकडले होते. पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आला. २०१६मध्ये तर असे उघड झाले की, काही पंचच गुण नोंदवण्यास मुद्दाम उशीर करून तेवढ्या वेळेत सट्टेबाजांना निकाल कळवत होते.

पुणे परिसराने हाच प्रकार क्रिकेटमध्ये पाहिला आहे. मार्च २०२१मध्ये गहुंजे येथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने करोनामुळे प्रेक्षकांविना झाले. तेव्हा मैदानाजवळच्या उंच जागांवरून प्रत्यक्ष खेळ पाहून, दूरचित्रवाणीवरील चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते याचा लाभ घेत सट्टा लावल्याच्या आरोपावरून पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना अटक केली. रिकाम्या मैदानाभोवतीही सट्ट्याचा बाजार भरू शकतो, हे त्यातून दिसले. तळच्या स्तरावरील टेनिसची कोर्टे तर नेहमीच रिकामी असतात.

कायद्यातील पोकळी

भारतात सामनानिश्चितीसाठी स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रातील जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. विधी आयोगाने जुलै २०१८च्या २७६व्या अहवालात सामनानिश्चिती हा फौजदारी गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली. जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने क्रिकेटपटूंविरुद्धच्या एका प्रकरणात सामनानिश्चिती ही भारतीय दंडविधानातील फसवणुकीच्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो सट्टा चालवणाऱ्यांना लागू होतो. मुद्दाम हरणाऱ्या खेळाडूचा प्रश्न त्याने सुटत नाही. उत्तेजकांबाबत मात्र २०२२मध्ये राष्ट्रीय कायदा झाला आहे. त्याची निकड आकडेवारीवरून दिसते. 'वाडा'च्या अहवालानुसार २०२३मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी आढळले. हे प्रमाण ३.८ टक्के असून पाच हजारांहून अधिक चाचण्या घेणाऱ्या देशांत ते सर्वाधिक होते.

खेळाडू आणि पालकांसाठी

ज्या घरातील मुलगा वा मुलगी आयटीएफ स्पर्धा खेळू लागली आहे, त्या घराने काही नियम मुखोद्गत करणे आवश्यक आहे.

पहिला नियम असा की, शरीरात काय गेले याची अंतिम जबाबदारी खेळाडूचीच असते. वयाने लहान असणे हे चाचणी टाळण्याचे कारण होत नाही. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर २०१९मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती खोकल्याच्या औषधात सर्रास असणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे. श्वियाँतेकच्या नमुन्यात आढळलेले ट्रायमेटाझिडीन हे आपल्याकडे हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे औषध आहे. म्हणून औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगावे, निषिद्ध द्रव्यांची यादी तपासावी आणि आवश्यक औषध निषिद्ध असल्यास उपचारासाठीची सवलत रीतसर मागावी. पूरक आहाराच्या डब्यांबाबत तर दुप्पट सावधगिरी हवी. डबा कोणत्या खेपेचा होता याची नोंद आणि पावती जपून ठेवावी. संकटाच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

दुसरा नियम सट्ट्याचा. खेळाडूला जगातील कोणत्याही टेनिस सामन्यावर पैज लावता येत नाही. प्रशिक्षक आणि सोबत असणारे नातेवाईक यांनाही हाच नियम लागू होतो. दुखापतीची बातमी बाहेर पुरवणे हाही गुन्हा ठरू शकतो. कोणी आमिष दाखवले, तर केवळ नकार देणे पुरेसे नाही. ते ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. पुण्यातील खेळपट्टी-तज्ज्ञ पांडुरंग साळगावकर यांच्यावर २०१७च्या प्रकरणात आयसीसीने सहा महिन्यांची बंदी घातली, ती गैरप्रकारासाठी झालेल्या संपर्काची माहिती न कळवल्याबद्दल. टेनिसची संहिताही याबाबतीत तितकीच कठोर आहे.

तिसरी गोष्ट समाजमाध्यमांची. डब्ल्यूटीए आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पाहणीत २०२४मध्ये ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे आठ हजार शिवीगाळीचे किंवा धमकीचे संदेश आढळले. त्यांतील ४० टक्के संदेश पैज हरलेल्या संतप्त जुगाऱ्यांचे होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने पहिल्या फेरीतील पराभवानंतर असे संदेश एकटीने वाचू नयेत, एवढी काळजी घरच्यांनी घ्यायला हवी.

संशय कसा फिटेल?

प्रत्येक अनपेक्षित पराभव संशयास्पद मानणे हा खेळाडूंवर अन्याय आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये बालेवाडीतील चॅलेंजर स्पर्धा जिंकणारा मोनाकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो २०२५मध्ये क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असताना पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्सचा विजेता झाला. अनपेक्षित निकाल हे खेळाचे सौंदर्य आहे. ते निर्मळ मनाने पाहता येणे ही प्रेक्षकाची मिळकत आहे, आणि सट्टा व उत्तेजके नेमकी तीच हिरावून घेतात.

नामवंतांनी निर्दोषत्वाच्या शपथा घेतल्याने हा संशय फिटणारा नाही. त्यासाठी लहानमोठ्या खेळाडूंना एकाच वेगाने आणि एकाच मापाने न्याय मिळायला हवा, निकालपत्रे वेळेवर उघड व्हायला हवीत, रिकाम्या कोर्टांवरील गुणांची विक्री थांबायला हवी आणि तळाच्या खेळाडूला निदान स्पर्धेचा खर्च भागेल एवढे बक्षीस मिळायला हवे. यांपैकी बरेचसे निर्णय लंडनमध्ये होतात. परंतु पुण्यातील संघटना, क्लब आणि पालकांच्या हाती काहीच नाही असे नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाला सर्व्हिस शिकवताना त्याच आठवड्यात औषधांची यादी आणि सट्ट्याचे नियम शिकवता येतात. बक्षिसाच्या रकमेची वाट न पाहता स्थानिक स्पर्धांत खेळाडूंच्या निवासाची सोय करता येते. खोलीचे भाडे चुकवण्याची विवंचना नसलेल्या खेळाडूला अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश नाकारणे थोडे तरी सोपे जाते.